मंठ्याचा पत्ता

जालन्याच्या मस्तगडात, भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बद्रीनाथ राहतो. एका बियाणे कंपनीचे सर्व्हर सांभाळण्यात त्याची सारी उमर गेली. नाटकात विंगेत उभा राहून पडद्याची दोरी ओढणारा माणूस असतो ना? पडदा नीट वर गेला तर त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, अडकला की सगळे त्याच्याच नावानं ओरडतात. तशी ती नोकरी. निवृत्त झाला तेव्हा कंपनीनं भंगारात काढलेलं एक मशीन तो रिक्षात घालून घरी घेऊन आला. बायको पूर्वीच वारलेली, लेक तृप्ती पुण्याला दिलेली. मशीनचा पंखा दिवसभर घरघरतो, तेवढीच घरात सोबत.

इंटरनेटवरून त्या मशीनमध्ये शिरायची परवानगी दोघांनाच. एक तो स्वतः, दुसरे रशीदभाई. रशीदभाई कंपनीत त्याच्या वरचे. काम त्यांनीच शिकवलेलं. निवृत्तीनंतर ते मंठ्याला आपल्या लेकीकडे, नसरीनकडे राहायला गेले. कानांनी अधू झाल्यामुळे फोनवरचं बोलणं बंद पडलं. मग दोघांनी एक रिवाज पाडला. मशीनमध्ये शिरलं की सुरुवातीला एक सूचना दिसते. कंपनीत तिथं 'आज देखभालीसाठी बंद' असलं काहीबाही लिहीत. हे दोघं तिथं एकमेकांसाठी युक्ती लिहून ठेवू लागले. सकाळी एकानं लिहायची, दुसऱ्यानं वाचायची, नवशिक्या पोरापोरींसाठी इंटरनेटवरच्या एका पानावर चढवायची आणि तिच्या जागी आपली ठेवायची.

रशीदभाई लिहीत, 'लांबच्या मशीनची फायरवॉल, म्हणजे कोणाला आत घ्यायचं ते नियम, बदलून राह्यलास, तर जुनी सेटिंग दहा मिनिटांत आपोआप परत येईल असं आधी लावून ठेव. स्वतःच बाहेर अडकलास तर आतून कडी काढायला कोणी बसलेलं नसतं.' बद्रीनाथ लिही, 'जुनी कमांड आठवत न्हाई? कंट्रोल आणि आर दाबा, दोन अक्षरं मारा, मशीन आठवण करून देतं. बायकोसारखं, फक्त टोमणा न मारता.' त्यावर रशीदभाईंचा शेरा, 'तुझ्या मशीनला विचार, माझा चष्मा कुठं ठेवलाय.'

पानाच्या माथ्यावर दोघांनी मिळून एक नियम लिहिला होता. दुसऱ्याची ओळ समजून घेतल्याशिवाय आपल्या मशीनवर चिकटवू नका.

मागल्या हिवाळ्यात रशीदभाईंची एक युक्ती चुकली. जुन्या फाइली पुसायची कमांड होती, ती नव्या फाइलीही पुसून गेली असती. बद्रीनाथनं खाली लिहिलं, 'मास्तर, आता खरंच रिटायर व्हा.' स्वतःशीच हसला. त्याच दुपारी त्यानं आणखी एक काम उरकलं. जगभरातून कोणकोण पासवर्डचे अंदाज मारत मशीनचं दार ठोठावत असत. कुणाच्या तरी पानावर तयार सापडलेली सेटिंग त्यानं उचलली आणि चिकटवली. इंटरनेटवरच्या ज्या पत्त्यावरून पासवर्ड दोनदा चुकेल, तो पत्ता कायमचा बंद. ज्यांना कधीच अडवायचं नाही, त्यांच्या ओळीत त्यानं आपल्या घरचा पत्ता लिहिला आणि चहा टाकायला उठला.

दुसऱ्या दिवशी मंठ्याहून काही आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सकाळी मशीन उघडलं की त्याचाच टोमणा त्याला वाचायला मिळे. म्हातारा रुसला, असं त्याला वाटलं. मेसेज करावा, असं रोज मनात येई. मग म्हणे, एवढीशी थट्टा सोसवत न्हाई तर राहू दे. टोमणा पुसून त्यानं नवी युक्ती लिहिली. ती कुणी वाचली नाही. आणखी एक लिहिली. पुढं पुढं युक्त्या संपल्या, तेव्हा 'जालन्यात आज नळाला पाणी आलं' एवढंच लिहून ठेवू लागला. समोर खुर्च्या रिकाम्या असताना संवाद म्हणणं फार वाईट. आपलाच आवाज परका वाटतो.

उन्हाळ्यात तो तृप्तीकडे गेला. एका दुपारी तिच्या लॅपटॉपवरून आपल्या मशीनमध्ये शिरायला बसला. कीबोर्ड परका, बोटं घसरली. पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. तिसऱ्या वेळी मशीननं पासवर्ड विचारलाच नाही. चूक की बरोबर, काहीच नाही. पलीकडे जणू घरच नव्हतं.

"बाबा, काय झालं?" तृप्तीनं विचारलं.

"मीच लावलेलं कुलूप."

"मग उघडा की."

"किल्ली जालन्यात हाय."

ती हसली. तो हसला नाही. रशीदभाईंची बोटं जाड. पहिले दोन पासवर्ड त्यांचे नेहमी चुकत. कंपनीत सगळं खातं त्यावरून त्यांची चेष्टा करी, त्यात बद्रीनाथ सगळ्यांत पुढं.

दुसऱ्या दिवशीच तो जालन्याला परतला. बंद केलेल्या पत्त्यांची यादी उघडली. देशोदेशीच्या चोरट्यांत मंठ्याचा पत्ता बसला होता. त्यानं तो सोडवला, न अडवायच्या ओळीत आपल्या शेजारी लिहिला, आणि मंठ्याची एसटी धरली.

नसरीनचं झेरॉक्सचं दुकान होतं. रशीदभाई बाहेर खुर्चीवर बसले होते. बद्रीनाथनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. रस्त्यावरच्या दोघातिघांनीही ते ऐकलं.

"मी रोज येत होतो," रशीदभाई म्हणाले. "नंतर ध्यानात आलं, फाइली पुसायची ती ओळ गलत लिहिली होती. वाटलं, बद्रीचं काही उडालं असंल, म्हणून त्यानं दार लावलं. बराबर केलं."

"तुम्ही माझा टोमणा वाचला न्हाई?"

"कोणता टोमणा?"

बद्रीनाथनं मान खाली घातली. "तुम्ही नुसतं विचारायचं तरी."

"तू विचारलंस?"

नसरीननं चहा आणला. बद्रीनाथ म्हणाला, "आता दार उघडं हाय. उद्यापासून या."

"माझं मशीन नातीला देऊन टाकलं. परभणीला घेऊन गेली ती, शिकायला." रशीदभाईंनी बशीत चहा ओतला. "आणि सकाळी उठून तुझं दार वाजवायची आदत लई मुश्किलीनं सुटली, बद्री. पुन्हा लावू नको."

एसटी स्टँडवर ते सोडायला आले. बद्रीनाथ खिडकीशी बसला. गाडी सुरू झाली तेव्हा रशीदभाई म्हणाले, "नसरीनचा प्रिंटर दोन दिवस झाले कोरे कागद टाकून राह्यला. मला उमगेना."

बद्रीनाथनं खिडकीतून डोकं काढून काय काय करून बघायचं ते ओरडून सांगितलं. इंजिनाच्या आवाजात रशीदभाईंनी कानामागं हात धरला, मग तो हलवला.

"काही ऐकू येत न्हाई," ते म्हणाले. "येऊन सांग."