पाच वेळा ‘काहून’ विचारणारे मामू

थांबा थांबा, हातातलं काम जरा बाजूला ठेवा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय, नाहीतर पुन्हा राहून जाईल. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत, मधलं मूर्तिजापूर धरून, माझ्या मैत्रिणीच्या मामूंइतके प्रश्न विचारणारा माणूस आजवर झाला नाही आणि होणारही नाही. लिहून घ्या.

मामू खरं तर शबानाचे, पण आमच्या हॉस्टेलमधल्या सगळ्याच मुली त्यांना मामू म्हणायच्या. अकोल्यात त्यांचं शिवणकामाचं दुकान. गळ्यात टेप कायम, लग्नात असो की मय्यतीत. लहानपणी ते आमच्याच संस्थेच्या मुलांच्या हॉस्टेलात राहून शिकले, म्हणून माजी विद्यार्थ्यांच्या बोर्डावर होते. बोर्ड म्हणजे सगळी बिनपगारी, हौशी मंडळी, पण हॉस्टेलचा कारभार त्यांच्याच हातात. महिन्यातून एका रविवारी अमरावतीत जमायचं, समोसे खायचे, गेटवर कमान बांधायचा ठराव करायचा आणि घरी जायचं. छान चाललं होतं हो! तेवढ्यात मामू आठ दिवस पुण्याला लेकीकडे गेले, जावयानं त्यांना कुठल्याशा डिझाइन थिंकिंगच्या (आधी माणसांना विचारा, मग उपाय काढा म्हणे) वर्कशॉपला नेऊन बसवलं, आणि मामू पार बिघडून परत आले.

पुढच्याच मीटिंगला त्यांनी सगळ्यांना रंगीत चिकट चिठ्ठ्या वाटल्या. "एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिवा. भाषण बंद." मे महिना, कूलर फुल. दहा मिनिटांत अर्ध्या चिठ्ठ्या उडून समोश्यांच्या चटणीत. मामू हरले नाहीत. पुढच्या वेळी दुकानातल्या चिंध्या, टाचण्या आणि एक जुनी चादर घेऊन आले. चादर भिंतीवर, चिंधीवर खडूनं लिहायचं आणि चादरीला टोचायचं. आमचे अध्यक्ष पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले साहेब, आयुष्यभर सह्या केलेला माणूस. ते बोटात टाचणी घुसवून बसले. "मास्तर, हे काय पोरखेळ लावून राहिले तुमी?" तर मामू म्हणाले, "साहेब, मी माप घेतल्याबिगर कापड कापत नाही. तुमी तीस वर्सं बिनमापाचे कालवे कापले, म्हणून पाणी नाही आलं." सगळे हसले. साहेब नाही हसले.

आणि ते काहून, म्हणजे आमच्या वऱ्हाडीतलं ‘का’! वर्कशॉपात त्यांना शिकवलं होतं की खरं कारण हवं असेल तर पाच वेळा ‘का’ विचारायचं. मामूंनी ते इतकं मनावर घेतलं की चहावाला, जावई, डॉक्टर, कुणालाच सोडलं नाही. एकदा अकोला-अमरावती एस्टीत कंडक्टरला गाडी उशिरा काहून, ड्रायव्हर जेवत होता काहून, असं विचारत विचारत पाचव्या काहूनला मूर्तिजापूर आलं, आणि कंडक्टर हात जोडून म्हणाला, "चाचा, तुमी इथंच उतरता का?"

आता मुद्द्यावर येते. ती कापसाची वाईट वर्षं होती, बोंडअळीची. आमच्या हॉस्टेलात दिवाळीनंतर खाटा रिकाम्या पडायला लागल्या. बोर्डानं निदान करून टाकलं की पोरींना शिकायचंच नाही, हॉस्टेल बंद करून तिथं हॉल काढू. मामूंनी चादर लावली आणि विचारलं, "ज्या गेल्या, त्यांले कोणी विचारलं?" सगळे एकमेकांनाच विचारत होते ना!

गेलेल्यांमध्ये मी होते. बारावीचं वर्ष. भातकुलीकडे आमचं शेत. एका सकाळी वेचणी चालू असताना बघते तर बांधावर मामू उभे, गळ्यात टेप.

"हॉस्टेल सोडलं काहून, बेटा?"

"सोडलं नाही मामू. खाट गेली."

"खाट गेली काहून?"

"पंधरा दिवसांवर गैरहजर राहिलं की नाव काटतात."

"गैरहजर काहून?"

"वेचणीले मजूर परवडत नव्हते. घरची माणसं तेवढे हात."

"मंग सुट्टी नाही मागितली काहून?"

"लाज वाटली."

"लाज काहून?"

पाचव्या काहूनला मी रडायला लागले. मामूंनी चिंधी काढली नाही, खडू काढला नाही. माझ्या आईकडून वेचलेला कापूस टाकायची एक ओटी मागून घेतली, कमरेला बांधली आणि माझ्या शेजारच्या तासात, कापसाच्या ओळीत, वेचायला लागले. इतका वाईट कापूस वेचणारा शिंपी मी पाहिला नाही. निम्मा पालापाचोळा! आई तोंडाला पदर लावून हसत होती, कितीतरी दिवसांनी.

मीटिंगमध्ये काय झालं ते शबानानं सांगितलं. साहेब म्हणाले, "नियम म्हणजे नियम." मामू म्हणाले, "नियम राहू द्या. मले फक्त नमुना शिवू द्या. एक पोरगी, एक खाट, एक हंगाम. नाही बसला तर मी सोता उसवतो." साहेबांनी चादरीकडे पाहिलं आणि सही केली. तो नमुना म्हणजे मी! वेचणी संपवून जानेवारीत परत गेले, खाट माझीच होती, बारावी पास झाले. पुढच्या वर्षी वेचणीची रजा सगळ्या मुलींना लागू झाली. ती आपलीच कल्पना होती असं साहेब आता सगळ्यांना सांगतात, आणि मामूंनी कधी ते खोडून काढलं नाही.

आता त्या बोर्डावर मी आहे. मामू पुण्याला लेकीकडे असतात, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत, दुकान कधीच विकलं. फोन केला की म्हणतात, "इथं कोणाले काही विचारलं तर लोक घाबरतात, बेटा." मग विचारतात, "मीटिंग कधी हाय? येतो मी." लेक मागून म्हणते, "अब्बा, जिना तरी उतरता येतो का तुम्हाला?" ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात. मी दर वेळी तारीख सांगते, वेळही सांगते. आणि त्या रविवारी सगळे येऊन बसले, समोसे गार झाले, तरी मी उगाच वीस मिनिटं मीटिंग सुरू करत नाही. दाराकडे बघत राहते.

येणार नाही हे पक्कं माहीत असलेल्या माणसाची वाट तुम्हीही कधी अशी पाहिली आहे का हो?