तिचे चार दिवस

बायको जाऊन सात महिने झाले होते आणि दोस्तांनी मला न विचारता माझं नाव काढून टाकलं. कशातून, तर महाबळेश्वरच्या गोल्फमधून.

गोल्फ म्हटलं की लोक माझ्या पायजम्याकडं बघतात. बघू द्या. रझाकारी मोडली त्या पोलीस ॲक्शननंतर दोन-चार सालांत जन्मलेला माणूस मी, शाळा चौथीपर्यंत. छावणीच्या मैदानावर लष्करी साहेब लोकांच्या काठ्यांची पिशवी वाहिली, पुढं तिथंच गवत कापायला लागलो. सोमवारी मैदान बंद. त्या दिवशी आम्ही नोकरमाणसं टाकून दिलेल्या काठ्या घेऊन खेळायचो. तेव्हापासूनची आमची आठ जणांची टोळी. दर साली दिवाळी झाली की जीप करून चार दिवस महाबळेश्वर. इंग्रजांच्या काळातलं ते थंड हवेचं ठिकाण, मैदानही जुनं. तिथला एक म्हातारा माळी ओळखीचा. गिऱ्हाईक नसलं की आम्हाला खेळू द्यायचा.

त्या साली ठरवाठरवी पडेगावला मिस्त्रीच्या दुकानात होती. मिस्त्री म्हणजे आमच्यातला सुतार, मोडक्या काठ्या सांधणारा. जीप ठरली, खोल्या ठरल्या, कुणी कुणासंगं खेळायचं ते ठरलं. मी दारात पोचलो तर माझ्या जागी कुणाचा तरी जावई बसलेला.

"हे काय?" म्हटलं.

सगळे खाली बघायला लागले. शेवटी मिस्त्री बोलला, "देख यार, तेरे घर में गमी हुई. साल होने दे. लोकां क्या बोलेंगे?"

"लोकांना काठी धरता येती का? मग बोलू दे. जावईबापू, तुमी पुढल्या साली या."

तो बिचारा अर्धा चहा टाकून उठला.

दोन दिवसांत वैजापूरहून मेव्हणा हजर. बातमी कुणी नेली ते मला ठाऊक आहे, सांगत नाही. दिवाळीत मी करंजी तोंडाला लावली नाही, ते कुणाला दिसलं नाही. हे बरोबर दिसलं.

"दाजी, वर्षश्राद्ध नाय झालं अजून. अन् तुमी चेंडू मारायला निघाले?"

"व्हय."

"माझ्या बहिणीची काई इज्जत?"

"तुला तुझी बहीण ठाऊक नाय. बस खाली."

मग सांगितलं त्याला. ते चार दिवस माझे नव्हतेच, तिचे होते. दसरा झाला की तीच मागं लागायची, "अवो, कवा जाणार हाय तुमी?" जीप यायच्या आधी माझी पिशवी दारात. मी गल्लीच्या तोंडाला पोचायच्या आत आतून कडी. चार दिवस घरात चूल पेटायची नाही. शेजारच्या खालाला बोलवायची, चौकातली मिरचीची भजी मागवायची. दोघी पलंगावर बसून खायच्या आणि दुपारभर झोपायच्या. मी परत आलो की उशीखाली तेलकट कागद. विचारलं की म्हणायची, "तुमी तिकडं काय करता, मी इचारते का?" सारा जन्म माझ्या, पोरांच्या, पाव्हण्यांच्या भाकरी थापल्या तिनं. सालातून तेवढे चार दिवस स्वतःला ठेवले होते. ते मी मोडू? कोपऱ्यात बसून रडलो म्हणजे तिची इज्जत झाली? रडतो मी. रोज रडतो. तिथंही रडीन, काठी हातात धरून.

मेव्हणा उठला. चहा न घेता गेला.

मग अडचण आली भलतीच. घराला कुलूपच नव्हतं. कधी लागलंच नाही, ती असायची. आता पोरं परगावी, मी घडीभर बाहेर गेलो तर खाला बघायची. शहागंजच्या बाजारात जाऊन पितळी कुलूप आणलं.

निघायच्या सकाळी जीप गल्लीच्या तोंडाला उभी, मिस्त्री हॉर्नवर हॉर्न देतोय, आणि मी नव्या कुलपाशी झटतोय. मागं बघतो तर मेव्हणा, हातात पिशवी. मी काठ्या खांद्यावर घेतल्या.

"अडवायचं असंल तर जीपसमोर आडवा पड. मी चाललो."

"अडवत नाय," तो म्हणाला. "पण तिच्या घराला कुलूप नका लावू, दाजी. मी ऱ्हातो."

मी कुलूप काढून किल्लीसकट त्याच्या हातावर ठेवलं.

"चूल पेटवायची नाय. चौकातली भजी आण, खालालाबी दे. दुपारी झोप काढ. अन् कडी लाव आतून, मी गल्लीच्या तोंडाला पोचायच्या आत."

मी मागं वळून बघितलं नाही. गल्लीच्या तोंडाला पोचायच्या आत कडीचा आवाज आला.