चौथीची गैरहजेरी

सुक्या मासळीचा वास आला की मला चौथीची परीक्षा आठवते आणि अजून चीड येते. पास झालीस तर हायस्कुलात घालीन, असं वडिलांनी कबूल केलं होतं. परीक्षा घ्यायला शाळा तपासणारे दिपोटीसाहेब आले, त्या दिवशी वर्गातली एकच कोळ्यांची मुलगी मिरकरवाड्याला मासळी वाळत घालत होती. साहेबांना कोळ्यांचं एक तरी मूल पास झालेलं हवं होतं. मास्तरांनी मला तिच्या जागेवर बसवलं. "आजच्यापुरती तू ती. गप राहा." "आणि माझं नाव?" "तुमच्या जातीतल्या पाच जणी आहेत गो वर्गात. एक कमी झाली तर कोण विचारतंय?" त्रैराशिक मी चटकन सोडवलं. साहेब खूष झाले, ती मुलगी पास झाली आणि माझ्या नावापुढे गैरहजर लागलं. घरी खरं सांगितलं, तर वडील म्हणाले, "मास्तर खोटं लिहितील होय? कुठे उंडारलीस ते सांग." माझी शाळा तिथेच संपली. तिच्यावर माझा राग नाही. तीही हायस्कुलात गेली नाही, पुढे बाजारात मासळी विकायला बसली. एकदा तिला म्हटलं, "अगो, तू चौथी पास आहेस." ती म्हणाली, "असेन. बांगडे किती देऊ?" आता ती नाही, मास्तरही नाहीत. त्या पटावर मी मात्र अजून गैरहजर आहे.