लवकर उचललेलं पद

आंटी ताचिवाने त्या रविवारी उधळ्या मुलाला वेळेआधी घरी आणलं. मी तिच्या मागच्याच बाकावर होते. सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं, आणि नाचणाऱ्यांत मीही होते.

घानाच्या किनाऱ्यावरच्या आम्हा फांटी लोकांच्या चर्चमध्ये उपदेश एकट्या पाळकाचा नसतो. तो बोलत असताना मध्येच एखाद्या बाईला पद येतं. ती बसल्या जागी ते उचलते. पाळक थांबतो. ती शास्त्रातली तीच गोष्ट आपल्या शब्दांत गाते, बाकीचे ओळ झेलतात, ढोल लागतो, पांढरे रुमाल निघतात. पद संपलं की पाळक सोडलं तिथून पुढे बोलतो. पद लिहिलेलं नसतं. आमच्या आज्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ऐकलेलं शास्त्र असं गळ्यात ठेवलं.

आमच्या गावात पद उचलते ती ताचिवा. वय अठ्ठावन्न. शाळा दुसरीपर्यंत. लॉरी स्टेशनच्या मागे तिचं अंगण आहे. तिथे ती डोकोन करते. मका तीन दिवस भिजवते, दळून आणते, पीठ आंबवते, गोळे केळीच्या वाळक्या पानांत बांधते आणि मोठ्या भांड्यात उकडते. सॉल्टपॉन्डला जाणाऱ्या गाड्या तिच्या डोकोनसाठी थांबतात. तळलेला मासा आणि वाटलेली मिरची शेजारणीकडे मिळते.

मी केप कोस्टला साहित्य शिकून परत आले होते. नोकरीच्या पत्राची वाट पाहत होते. सकाळी तिच्याकडे पानं बांधायला जायचे. चार वर्षं मी रूपक म्हणजे काय ते वाचलं होतं. तिच्या अंगणात ते मला जिवंत भेटलं.

पहिल्याच दिवशी मी सुबक, अख्खं पान बाहेरून लावलं आणि फाटकं आत घातलं.

"ए पदवीधर," ती म्हणाली, "हे परूश्यांचं डोकोन झालं."

"म्हणजे?"

"बाहेरून चकचकीत, आत फाटकं. येशूने त्या ढोंगी शास्त्र्यांना काय म्हटलं होतं? चुना लावलेली थडगी. अख्खं पान आत. जे घासाला लागतं ते चांगलं हवं. फाटकं बाहेर, लोक बघेनात का."

ती हे उपदेश म्हणून सांगत नव्हती. पान उलटं लागलं होतं, एवढंच.

आणखी एकदा ती गिरणीवरून दुपारी आली. डोक्यावर घमेलं, तोंडावर हसू. पहाटेपासून ती रांगेत होती. मध्ये पट्टा तुटला. पट्टा बसला तेव्हा गिरणीवाल्याने शेवटी आलेल्या बाईचं घमेलं आधी घेतलं, कारण ते दाराशी होतं.

"तू भांडली नाहीस?" मी विचारलं.

"भांडले की. चांगली भांडले. मग वाटेत आठवलं, आज आपण येशूच्या गोष्टीतल्या द्राक्षमळ्यात होतो. संध्याकाळी आलेल्यांना सारखीच मजुरी मिळाली म्हणून पहाटे आलेले मजूर असेच ओरडत होते. इतकी वर्षं मला वाटायचं, मी संध्याकाळी आलेल्यांतली." तिने घमेलं खाली ठेवलं. "हसू आलं. भूकही लागली होती."

मी त्या रात्री वही काढली आणि काही लिहू शकले नाही. तिच्या बोलण्यात लिहिण्यासारखं निराळं काही काढता येत नव्हतं. ते पिठासकट होतं.

तर तो रविवार. ओसोफो सोवा आमच्याकडे येऊन चार महिने झाले होते. ओसोफो म्हणजे पाळक. वय एकतीस, अक्राचे, गा जमातीचे. फांटी बरी बोलत, पण उपदेश पूर्ण लिहून आणत. त्या दिवशी बायबलमधल्या उधळ्या मुलावर सहा पानं होती. दुसऱ्या पानावर बापाचा पैसा उडवलेला मुलगा परमुलखात डुकरांजवळ बसून शेंगांकडे बघत होता. ओसोफोंनी त्याची भूक फार छान सांगितली. फारच छान. ताचिवाला ती सोसली नाही.

तिने पद उचललं. बाप गच्चीवर उभा आहे, तिने गायलं. बापाला धूळ दिसली. पळ, म्हाताऱ्या, पळ, कापड वर खोच आणि पळ. आम्ही उठलो. एग्या क्वान्सा ढोलावर तुटून पडला. बापाने मुलाला मिठी मारली, अंगठी घातली, वासरू कापलं, आणि आम्ही सगळे त्या जेवणात नाचलो.

पद संपलं. आम्ही घाम पुसत बसलो. ओसोफोंनी तिसरं पान काढलं. त्या पानावर मुलगा अजून डुकरांजवळच होता.

त्यांनी वाचायचा प्रयत्न केला. "तेव्हा तो... शुद्धीवर आला..." कुणीतरी फिस्सकन हसलं. मागून एक म्हातारी म्हणाली, "ओसोफो, तो जेवायला बसलाय." मग सगळं चर्च हसलं. त्यांनी पानं मिटली, प्रार्थना केली आणि खाली उतरले. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही.

पुढच्या रविवारी सूचना वाचली गेली. यापुढे पदं उपदेशानंतर म्हणावीत. कुणाचं नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजही नव्हती.

तीन रविवार उपदेश अखंड झाले. छान झाले. एग्या क्वान्सा ढोलावर हात ठेवून डुलक्या घेत होता. उपदेश संपल्यावर ओसोफो ताचिवाकडे बघायचे, आता म्हणा, अशा अर्थाने. ती मान हलवायची. येत नाही.

"मुद्दाम करतेस का?" मी तिसऱ्या सोमवारी विचारलं.

"जेवण झाल्यावर भूक लागते का कुणाला?" ती पान बांधत होती. "पद मध्येच येतं. ते आलं की मी गिळते. काल दोनदा गिळलं. पहिल्या रविवारी पाचदा गिळलं होतं."

"मग कमी झालं की."

"तेच ना." तिने दोरी ओढली. "कमी होतंय. असंच चाललं तर यायचंच थांबेल, एवुरासी. ज्या घरी दार उघडत नाही तिथे पाहुणा किती वेळा येईल?"

मी प्रथमच तिला घाबरलेलं पाहिलं. मला ओसोफोंचा राग आला. मी तो बोलून दाखवला. जरा जास्तच.

"गप गं," ती म्हणाली. "चूक माझी आहे. कुठे झाली ते कळत नाही, एवढंच."

ते तिला बुधवारी कळलं. मी आंबायला ठेवलेल्या पिठावरचं फडकं उचलून बघत होते. तिने माझ्या हातावर चापट मारली.

"सारखं उचलू नये. त्याचं काम चालू आहे." मग ती तशीच उभी राहिली. हात हवेत. "लपवलं," ती म्हणाली.

"काय?"

"येशूच्या त्या गोष्टीतली बाई. तिने खमीर घेतलं आणि तीन मापं पिठात लपवलं. सगळं फुगेपर्यंत. लपवलं, पोरी. मी जन्मभर हेच करते, आणि ओसोफोंचं पीठ अजून दुसऱ्या पानावर होतं तर मी फडकं ओढून काढलं." ती खाली बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "चल. माफी मागायची. तू माझी बोलणारी."

आमच्यात माफी स्वतःच्या तोंडाने मागत नाहीत. मध्ये एक माणूस लागतो. दोन्ही बाजू त्याच्याशी बोलतात, तो इकडचं तिकडे पोचवतो. गा लोकांतही ते आहेच. म्हणून संध्याकाळी पाळकांच्या घरी आम्ही तिघं एका लहान टेबलाभोवती बसलो. मध्ये ऊन ऊन डोकोनची टोपली होती.

"एवुरासी," ताचिवा म्हणाली, "ओसोफोंना सांग, ताचिवा आली आहे."

"मला दिसतंय," ओसोफो म्हणाले.

"त्यांना सांग, दिसलं तरी सांगावं लागतं."

ओसोफो सावरून बसले. "एवुरासी, आंटींना सांग, त्यांचं स्वागत आहे. आणि विचार, येणं कशासाठी केलं."

मी विचारलं. तिने फडक्याचं सांगितलं. खमीर, तीन मापं, दुसरं पान, सगळं. मी ते जसंच्या तसं पुन्हा सांगितलं. साहित्यात पहिला वर्ग मिळवला होता, पण त्यात एक शब्द घालण्यासारखा किंवा काढण्यासारखा नव्हता.

"त्यांना सांग," ती शेवटी म्हणाली, "पोरगा त्यांचा होता. घरी त्यांनीच आणायचा होता. मी चुकले."

ओसोफोंनी टोपली जवळ ओढली. मग त्यांनी एक डोकोन सोडलं, तुकडा तोंडात टाकला आणि चावता चावता थांबले.

"आंटींना सांग, यात मीठ नाही. आमच्याकडे अक्रात घालतात."

"ओसोफोंना सांग, पृथ्वीचं मीठ व्हायला येशूने माणसाला सांगितलंय. डोकोनला नाही."

त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. ते हसत होते. इतक्या महिन्यांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"विचार त्यांना," त्यांनी तुकडा उजेडात धरला, "हे इतकं मऊ, तरी सुटत कसं नाही?"

"अर्ध्या पिठाची उकड काढायची," ती म्हणाली, "अर्धं कच्चं ठेवायचं. मग दोन्ही एकत्र मळायचं. सगळं शिजवून घेतलं तर ते दुसऱ्या कशाला धरतच नाही. सगळं कच्चं ठेवलं तर पाण्यात विरघळतं."

मी हे पोचवलं. ओसोफो टेबलाच्या कडेला असलेल्या कागदांकडे बघत होते. रविवारचा उपदेश होता तो. बारीक अक्षर, समास सोडलेला, सहा पानं.

"माझी सगळी शिजवलेली असतात," ते म्हणाले. हे कुणालाच उद्देशून नव्हतं.

"हे सांगू का यांना?" मी विचारलं.

"नको," दोघं एकदम म्हणाले.

सूचनेबद्दल कुणी काही बोललं नाही. तिने मागितलं नाही, त्यांनी दिलं नाही. माफी स्वीकारली, प्रार्थना झाली, आम्ही निघालो. वाटेत मी म्हटलं, "विचारायचंस तरी, परत म्हणू का म्हणून."

"माफी मागायला गेलेला माणूस दुसरं काही मागत नाही," ती म्हणाली, आणि पुढे चालायला लागली.

त्या रविवारी पाठ होता आंधळ्या बार्तीमयाचा. तो ओसोफोंनी निवडला नव्हता, वर्षाच्या यादीतच होता. ते उपदेशपीठावर चढले तेव्हा त्यांच्या हातात एकच पान होतं.

त्यांनी वाट सांगितली. धूळ सांगितली. लोकांची गर्दी, पुढे येशू, कडेला बसलेला भिकारी. त्याने नाव ऐकलं आणि ओरडायला लागला, दावीदपुत्रा, माझ्यावर दया कर.

"आणि लोकांनी त्याला दटावलं," ओसोफो म्हणाले. "गप्प बस म्हणाले."

तिथे ते थांबले. पान उलटायचं नव्हतं, तरी त्यांनी ते उलटलं. मागे कोरं होतं.

"गप्प बस म्हणाले," ते पुन्हा म्हणाले, हळू. मग त्यांनी पान खाली ठेवलं. "गेले तीन रविवार मी त्या लोकांत उभा होतो."

हातातले पंखे हलायचे थांबले. सगळ्या माना ताचिवाकडे वळल्या. तिने डोकं खाली घातलं. मला तिची पाठ दिसत होती आणि मांडीवरचे हात. तिथे नसलेल्या पानाला बोटं दोरी बांधत होती. ओसोफोंनी तिचं नाव घेतलं नाही. ते फक्त उभे राहिले, उपदेशाच्या मध्येच, हात मोकळे सोडून. एग्या क्वान्साने ढोल गुडघ्यांत ओढला.

मी मनात म्हणत होते, ये, ये. ते यायचं थांबलं असेल तर, हा विचार मी स्वतःला करू दिला नाही.

मग तिची पाठ सरळ झाली. आवाज आधी इतका खाली होता की शेजारणीलाच ऐकू गेला असेल.

वाटेच्या कडेला कोण ओरडतंय?

शेजारणीने झेललं. मीच तो, धनी, मीच तो.

लोक म्हणतात गप्प, मोठी माणसं जातायत.

आता आम्ही सगळे होतो. तरी ओरडतो, धनी, तरी ओरडतो.

ढोल आला. ती उठली. येशू वाटेत थांबला, तिने गायलं. इतक्या गर्दीत एका आवाजासाठी थांबला. बोलवा त्याला. ऊठ, आंधळ्या, कापड टाक, भिक्षेचं कापड टाक. आणि कापड टाकायच्या जागी आम्ही रुमाल उडवले. म्हातारी माणसं बाकांमधल्या वाटेत आली. ओसोफो पायऱ्या उतरून खाली आले, त्यांच्याही हातात रुमाल होता, आणि गा माणूस नाचतो तसे ते फांटी ढोलावर नाचले, म्हणजे थोडे चुकीचे. तिने आंधळ्याला गर्दीतून चालवलं. तो लोकांना धडकला, कुणाच्या पायावर पाय दिला, माफी मागितली, पुढे गेला. तो येशूसमोर उभा राहिला. येशूने विचारलं, तुझ्यासाठी मी काय करू?

आणि ताचिवाने हात खाली केला.

एग्या क्वान्साचे दोन ठोके हवेत पडले. आमची तोंडं उघडी राहिली. तिने कापड नीट केलं आणि बसली. आंधळा तसाच उभा होता, डोळे मिटलेले.

ओसोफो धापा टाकत होते. "आंटी, पुढचं?"

"पुढचं तुमचं, ओसोफो."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग हसू त्यांच्या सगळ्या तोंडावर पसरलं. ते पायऱ्या चढून वर गेले. पान त्यांनी उचललं नाही.

"डोळे उघडू का त्याचे?"

"उघडा," ताचिवा म्हणाली. "पण हळूच."

त्यांनी पाऊण तास घेतला. कुणी हललं नाही.