आक्कांचं बिनकाठीचं झाड

फोन आला तेव्हा एका पेशंटचा गुडघा माझ्या हातात होता. आक्कांच्या शेजारीणबाई बोलत होत्या, धायरीहून. "सुजाताताई, आक्का गेल्या. सकाळी दार उघडलं नाही म्हणून माझ्याकडच्या किल्लीनं उघडून पाहिलं... झोपेतच." मी 'येते' म्हणाले, पेशंटचा राहिलेला व्यायाम पुरा करून घेतला आणि मग मिलिंदला, माझ्या नवऱ्याला कळवलं. या गोष्टीला आता सात आठवडे होतील. आक्का ही त्याची थोरली बहीण. त्या दिवशी मला रडू आलं नाही, आणि आक्कांना त्यात काही वावगं वाटलं नसतं.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं त्या तपासणी विभागात होत्या. समोर आलेला सुटा भाग दोन बोटांत धरून फिरवायचा आणि पास की नापास ते सांगायचं. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून धायरीत तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या. मागे कंपाउंडच्या भिंतीला लागून चार हात माती होती. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, हृदय फार थकलंय, वर्ष-दीड वर्ष धरून चाला. पुढच्याच आठवड्यात आक्का जुन्या मैत्रिणींबरोबर महाबळेश्वरला जाऊन आल्या आणि येताना काळ्या पिशवीत हायड्रेंजियाचं रोप घेऊन आल्या. तिथल्या लॉजच्या दारात फुलांचे हे एवढाले निळे गेंद त्यांनी पाहिले होते. नर्सरीवाला म्हणाला होता, "पुण्यात नाही जगत हे." आक्का म्हणाल्या, "मग पुण्याच्या माणसांना विकता कशाला?" त्या रात्री जेवताना आम्हाला एवढंच म्हणाल्या, "याचं फूल मला माझ्या दारात बघायचंय." स्वतःसाठी काही हवंय असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मला सुधारणा दिसायला लागते, आणि लवकर दिसायला लागते. दर रविवारी आम्ही धायरीला जायचो. आक्का आत चहा टाकायच्या तेवढ्यात मी पर्समधून पुडी काढून चमचाभर युरिया रोपाच्या बुडाशी टाकायची. त्यांना सांगितलं नाही, कारण त्या नको म्हणाल्या असत्या. रोप दणादण वाढलं. पहिल्या मार्चपर्यंत दोन-दोन फुटांच्या फांद्या, पण कोथिंबिरीच्या काड्यांसारख्या लुसलुशीत. कळ्यांचे झुबके धरले आणि त्या इवल्याशा वजनानंच फांद्या जमिनीवर लोळायला लागल्या. मी बांबूच्या काठ्या आणल्या, एकेक फांदी सुतळीनं आवळून बांधली. काम नीट झाल्याच्या समाधानात घरी गेले. पुढच्या रविवारी बघते तर काठ्या कोपऱ्यात रचून ठेवलेल्या, आणि फांद्या पुन्हा मातीत.

"आक्का, काठ्या का काढल्यात?"

"तुझ्या पेशंटना कमरेचा पट्टा किती दिवस लावायला सांगतेस?"

"दोन आठवडे. फार तर तीन."

"का गं?"

उत्तर मला पाठ होतं. रोज दहा जणांना मी ते ऐकवते. पट्ट्याच्या जिवावर राहिलं की पाठीचे स्नायू काम सोडून देतात.

"आणि ते पांढरे दाणे टाकणं बंद कर," आक्का म्हणाल्या. "आधी वाटलं, साखर सांडली. पण मुंग्या फिरकेनात, तेव्हा म्हटलं आमच्या डॉक्टरीणबाईंचं औषध दिसतंय."

मग कात्री घेऊन त्या पायरीवर बसल्या आणि माझ्यादेखत एकेक झुबका कापायला लागल्या. अकरा होते. पाचव्या-सहाव्याला मला राहवलं नाही. "एक तरी ठेवा हो. तुम्हाला बघायचं होतं ना?"

"बघितलंय की. महाबळेश्वरला."

डॉक्टर काय म्हणाले होते ते त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. पुढचा मार्च त्यांना मिळेल याची खात्री कोणालाच नव्हती. फांद्या अशा झाल्या होत्या त्या माझ्या युरियानं, हेही आम्हा दोघींना माहीत होतं. त्यावर त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. "या देठांना हे पेलायचं नाही. आधी देठ होऊ दे," म्हणाल्या आणि अकराही झुबके केरसुणीनं गोळा करून टाकले.

त्यानंतर वर्षभर मी जे पाहिलं त्याला काय म्हणावं मला अजून सुचलेलं नाही. कंपाउंडच्या भिंतीमुळे त्या कोपऱ्यात वारा येत नव्हता. "वाराच नाही, तर तोल सांभाळायची सवय लागणार कशी?" असं म्हणून आक्का रोज सकाळी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून प्रत्येक फांदी हातानं हलवायच्या. हळूच, दहा-बारा वेळा, मग दुसरी. माती बोटभर खोल कोरडी लागली तरच पाणी. सकाळचं ऊन द्यायचं आणि अकरा वाजले की जुनी साडी आडवी बांधायची. सोसायटीचा माळी एकदा म्हणाला, "आक्का, बुडातनं छाटा की. पार लोळतंय ओ हे."

"जुन्या फांदीवरच कळी धरते याला. छाटलंस तर पुढच्या वर्षी पानं बघत बसावं लागेल."

"मग लोळू द्यायचं व्हय?"

"लोळू दे. तू काय जन्मल्या जन्मल्या पाणी घालायला लागलास?"

तेव्हा फाटकापर्यंत चालत गेल्या तरी त्यांना धाप लागायची. बावीस वर्षं मी लोकांना व्यायाम शिकवतेय. स्वतःच्या गुडघ्यासाठी दिवसातून दहा वेळा पाय उचलायचा माणसांना कंटाळा येतो, आणि त्यासाठी ती मला पैसे देऊन वर कारणंही देतात. ही बाई, फूल दिसेल की नाही ठाऊक नसताना, एका झाडाकडून न चुकता व्यायाम करून घेत होती. मी सहसा कोणापुढे दबत नाही. त्या स्टुलापुढे मात्र माझा आवाज आपोआप खाली यायचा.

या वर्षी पुन्हा कळ्या धरल्या. आक्कांनी प्रत्येक देठ दोन बोटांत दाबून पाहिला, तीन झुबके ठेवले, बाकीचे कापले. त्या गेल्या तेव्हा त्या तिन्ही झुबक्यांतल्या कळ्या मसुरीएवढ्या होत्या. त्यांच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्या दिवशी घरभर माणसं होती, त्यांतल्या कोणाचं मागे लक्षही गेलं नाही.

पाणी शेजारीणबाई घालत राहिल्या आणि मे महिन्यात गेंद उमलले. महाबळेश्वरचं निळेपण इथल्या बोअरच्या क्षारवट पाण्यात उतरलं नव्हतं, फुलं गुलाबी आली होती. गेल्या आठवड्यात वळवाच्या पावसानं धायरीत झाडं पाडली, तेव्हा मी दुसऱ्या दिवशी सकाळीच तिकडे गेले. एक गेंद मोडून पडला होता. उरलेले दोन पाण्यानं गच्च भरून इतके वाकले होते की पाकळ्या मातीला लागायला बोटभरच जागा राहिली होती. हात पुढे गेला होता, तो मी मागे घेतला आणि तिथेच उभी राहिले. भिंतीवरून ऊन आलं. थेंब गळायला लागले... फांद्या हलताना दिसत नव्हत्या. पण थोड्या वेळानं पाहिलं तर फूल आणि माती यांच्यामध्ये वीतभर अंतर होतं, मग त्याहून जास्त. शेवटी दोन्ही फुलं माझ्या कमरेशी आली. एक देठ मी बोटानं बाजूला दाबून पाहिला. त्यानं माझं बोट परत ढकललं.

पहिल्या पेशंटकडे पोहोचायला वीस मिनिटं उशीर झाला. त्या बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत विचारलं, "आज तुम्ही आणि उशिरा?"

"ट्रॅफिक," मी म्हणाले आणि त्यांचा खांदा हातात घेतला.