अंक एकोणचाळीस

अमरावतीत कॉलेजच्या वाटेवर एका सायकलवाल्याचं दुकान होतं. पंक्चर काढून झालं, की हात पुसून तो चित्रकथेचं एक मासिक वाचायचा. त्याचे सदतीस अंक त्याने क्रमाने तारेत ओवून ठेवले होते. मग मासिक बंद पडलं आणि काही महिन्यांनी नव्या मुखपृष्ठासह ‘अंक पहिला’ म्हणून पुन्हा निघालं. गोष्टही पहिल्यापासून सुरू झाली. नायकाचा मेलेला भाऊ तिच्यात जिवंत होता.

“त्याचा भाऊ मेला त्या दिवशी म्या दुकान बंद ठेवलं होतं. आता हे म्हंतात, काहीच झालं नाही! काहून?” त्याने माझ्यापुढे पोस्टकार्ड धरलं. “तू कॉलेजात शिकून राहिला ना बाप्पा? लिही त्याइले.”

मी भीत भीत लिहिलं, ‘आपली चूक झाली असावी.’

“असावी कायले? झाली म्हन.”

मी ‘असावी’ खोडलं.

उत्तर आलं नाही. पुढच्या महिन्यात दुसरा अंक आला. त्याने मुखपृष्ठावरचा दोनचा आकडा खोडून एकोणचाळीस लिहिला, अंक तारेत ओवला आणि नवं पोस्टकार्ड माझ्याकडे सरकवलं.

या वेळी त्याला काही सांगावं लागलं नाही. लिहिलं, ‘अंक एकोणचाळीस मिळाला. भाऊ मेलेलाच आहे.’