टेकडीवरच्या कुटीतला डबा

आधीच सांगते, मी असलं काही मानणारी बाई नाही. आमच्या घरात बुद्धवंदना होते, अंगारे-धुपारे नाहीत. त्यात मी ठाकुर्लीच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते... जे दिसतं तेच लिहायचं, एवढंच शिकलेली. म्हणून जे दिसलं तेच लिहितेय.

माझा धाकटा भाऊ अमोल. दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिराला म्हणून गेलेला, तो परत आलाच नाही. भिक्खूचं चीवर अंगावर घेतलं ते घेतलंच. आता मोहने गावाच्या पुढे एका टेकडीवर, झाडीत, छोट्याशा कुटीत एकटाच राहतो. इकडे आई धड जेवेना. म्हणून गेल्या थंडीत मीच गेले, त्याला घरी आणायला. रिक्षा खाली थांबवली आणि गरम डबा घेऊन चढले.

भिक्खूंचा नियम असा — दुपारी बारानंतर जेवायचं नाही. आणि कुणी हातात दिल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही, समोर ठेवलं तरी. अमोलने अंगणात काठी रोवलेली. तिची सावली एका पांढऱ्या दगडाला टेकली की जेवण बंद. मी पोचले तेव्हा दोन बोटं बाकी होती.

मी डबा मांडीवर घट्ट धरला. "अमोल्या, भंते-बिंते मी म्हणणार नाही हां. आधी घरी चल, मग जेव."

"ताई, तुझी मर्जी," तो हसला आणि भिक्षापात्र घेऊन समोर बसून राहिला.

मग मी सुटलेच! पप्पा गेले तेव्हापासूनचं सगळं काढलं. भांडले, रडले, मध्येच डोळाही लागला बहुतेक... पानसुद्धा हलत नव्हतं. सगळीकडे नुसतं पिवळं ऊन. किती वेळ गेला कोण जाणे. घसा पार बसला. अमोल तसाच बसलेला, उपाशी. मेलं, आता कसली वेळ उरलीय, म्हणत काठीकडे बघितलं.

सावली दोन बोटं अलीकडेच होती.

डबा उघडला तर वरणातून वाफा येत होत्या. "घ्या भंते," मी म्हटलं, आणि दोन्ही हातांनी वाढलं. त्याचा शेवटचा घास झाला, मग सावली दगडाला टेकली.

खाली रिक्षावाला म्हणतो, "इतक्यात आलात? मला वाटलं, भाऊ भेटला म्हणजे दोन तास तरी जातील."

मैत्रीण म्हणते, स्वप्न पडलं असेल. मग माझा आवाज दोन दिवस का बसलेला?

घरी आई दारातच उभी होती. माझ्या मागे कोणी नाही, हे तिने बघितलं.

"जेवला का गं?"

"पोटभर जेवला."

"मग मलाही वाढ," आई म्हणाली.